मधल्या कारकुनाची निवड

दर वर्षी अनंत चतुर्दशी झाली, की संपादकांचे स्मरणपत्र येते. यंदा त्यात खाली एक ओळ जादा होती : "फराळाखेरीज कशावरही चालेल." गेल्या तीन दिवाळ्यांत मी चकली, अनारसे आणि पुन्हा चकली यांवर लिहिले, हे त्यांच्या ध्यानात राहिलेले दिसते. तेव्हा यंदा फराळ नाही. यंदा ॲप्लिकेशन सर्व्हर.

पान उलटू नका. मलाही हा शब्द दोन वर्षांपूर्वी परकाच होता. पण या नावाच्या वस्तूपायी आमच्या समितीत दोन तट पडले, अध्यक्षबाई माझ्याशी सव्वा महिना बोलल्या नाहीत, आणि एका बाईच्या हातातल्या पाटल्या गेल्या. एवढे सामर्थ्य ज्या वस्तूत आहे, ती काय आहे हे चार शहाण्या माणसांनी समजून घ्यायला हरकत नसावी.

आमची एक महिलांची पतपेढी आहे. मुख्य कचेरी डोंबिवली पूर्वेला, एक शाखा पश्चिमेला, एक कल्याणला आणि एक ठाण्यात नौपाड्यात. सभासद म्हणजे पोळीभाजीवाल्या, शिकवणीवाल्या, भाजी विकणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. मी खजिनदार. निवडणुकीत दुसरे कोणी उभे राहिले नाही, एवढीच माझी पात्रता.

आमच्या चारही शाखांत संगणक होते, पण ते एकमेकांशी बोलत नसत. प्रत्येकाची वही निराळी. संध्याकाळी प्रत्येक शाखेचा हिशेब पेनड्राइव्हवर भरून मुख्य कचेरीत येई आणि तिथून सगळ्यांची एकत्र नक्कल दुसऱ्या सकाळी पुन्हा शाखांत जाई. ठाण्याचा पेनड्राइव्ह आमचा शिपाई लोकलने आणी, तोही जेवणाच्या डब्यात घालून. "बाई, खिसा कापतात. डबा कोण कापतो?" असे त्याचे म्हणणे, आणि ठाणे-डोंबिवली प्रवास करणाऱ्या कोणालाही ते पटावे.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एका संध्याकाळी पावसाने गाड्या मुंब्रा आणि दिव्याच्या मध्ये अडकल्या. शिपाई रात्री दीडला घरी पोहोचला, डबा घेऊन. त्याच दिवशी ठाण्याच्या शाखेत एका सभासद बाईंची ठेव मुदत भरून त्यांच्या खात्यात जमा झाली होती. बाई कामाला ठाण्यात, राहायला कल्याणला. रात्री यजमानांना इस्पितळात हलवावे लागले. सकाळी कल्याण शाखा उघडताच त्या दारात उभ्या होत्या. आमच्या कल्याणच्या संगणकाला त्या पैशांचा पत्ताच नव्हता. ठाण्याला फोन करून विचारता आले नसते का? विचारले होते. ठाण्याने रक्कम सांगितलीही. पण फोनवर ऐकलेल्या आकड्यावर पैसे द्यायचे नाहीत हा पतपेढीचा नियम होता, आणि तो नियम करणारी मीच.

बाई पाटल्या गहाण ठेवून आल्या. यजमान बरे झाले. पुढल्या महिन्यात त्या शांतपणे खाते बंद करायला आल्या तेव्हा मी समोर होते. "आपल्याच पैशांसाठी सोनाराकडे जावं लागलं हो," एवढेच म्हणाल्या.

मग समितीने ठरवले की चारही शाखांची वही एक करायची. अध्यक्षबाई (निवृत्त मुख्याध्यापिका आहेत) म्हणाल्या, आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्र काढून एका खिडकीवर कर भरून घ्यायला सुरुवात केली, त्याला बरीच वर्षे होऊन गेली, आणि पुढे राज्य सरकारने तोच नमुना इतर पालिकांसाठी उचलला; तेव्हा पालिकेला जमले ते आपल्याला का जमू नये? पालिकेविषयी इतके बरे बोलताना त्यांना कोणी प्रथमच ऐकले असेल.

दोन प्रस्ताव आले. पहिला ठाण्याच्या एका कंपनीचा. गृहस्थ कोट घालून आले, प्रस्ताव रंगीत होता, आणि त्यांचा प्रोग्राम एका फार मोठ्या नावाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालणार होता. त्या सर्व्हरच्या परवान्याचीच किंमत पाहून आमच्या सचिवबाईंनी चष्मा पुसला. दुसरा प्रस्ताव डोंबिवलीच्याच दोन तरुणांचा. त्यांचा प्रोग्राम टॉमकॅट नावाच्या सर्व्हरवर चाले. त्या ओळीसमोर किमतीच्या रकान्यात शून्य होते.

"शून्य?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "फुकटात मिळतं ते किती टिकणार!"

मी माझ्या भाच्याला बोलावले. तो ऐरोलीत नोकरीला आहे आणि रविवारी आमटीभाताला येतो. मी विचारले, "अरे, हा सर्व्हर म्हणजे नक्की काय भानगड आहे? प्रोग्राम आहे, वही आहे. मग मध्ये हे तिसरं कोण?"

तो म्हणाला, "मावशी, तू टेलिफोन ऑपरेटर होतीस ना? मग हे तुला माझ्यापेक्षा आधीपासून माहीत आहे."

मी १९७५ साली टेलिफोन खात्यात लागले तेव्हा कल्याणच्या एक्स्चेंजमध्ये माझ्यासमोर भोकांचा एक फळा असे. कोणी रिसीव्हर उचलला, की दिवा लागायचा. आपण दोरीचे एक टोक त्याच्या भोकात, दुसरे टोक हव्या त्या लाइनच्या भोकात घालायचे. दोऱ्या मोजक्या. बोलणे संपले, की प्लग काढून दोरी मोकळी करायची. न काढली, तर ती अडून बसे, आणि दोन-चार आळशी ऑपरेटर असल्या तर सबंध फळा भरून जाई. लाइनी मोकळ्या आणि दोऱ्या मात्र एकही नाही.

ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे हीच ऑपरेटर. एका बाजूला शाखांतल्या बायकांचे पडदे, दुसऱ्या बाजूला वही म्हणजे डेटाबेस, आणि मध्ये हा. कोण आले ते ओळखणे, त्याचे काम प्रोग्रामकडून करून घेणे, एकाच वेळी अनेकांना सांभाळणे, ही त्याची कामे. वहीकडे जाणाऱ्या जोडण्या तो आधीच तयार ठेवतो आणि लागेल तशा वापरायला देतो, कारण दर खेपेस नवी जोडणी करायला वेळ जातो. आणि सर्वांत मोठे काम : एका खात्यातून काढले आणि दुसऱ्यात घातले, ही दोन्ही कामे व्हायची किंवा एकही व्हायचे नाही, अशी हमी पाळण्याला हातभार लावायचा.

मग भाच्याने बाजारातली मंडळी सांगितली. जावा या भाषेतल्या धंद्याच्या प्रोग्रामांसाठी १९९९च्या अखेरीस एक सामायिक नियमावली निघाली. ती पाळणारे सर्व्हर अनेकांनी काढले. आयबीएमचा वेबस्फिअर. वेबलॉजिक नावाचा दुसरा, जो १९९८ साली बीईए कंपनीकडे गेला आणि २००८ साली बीईएसकट ओरॅकलच्या घरात आला. तिसरा जेबॉस, १९९९ सालचा, खुल्या वळणाचा. त्याची कंपनी २००६ साली रेड हॅटने घेतली आणि रेड हॅटला २०१९ साली आयबीएमने. म्हणजे लेक दिली एका घरी आणि नांदते तिसऱ्याच घरी. त्याची फुकट मिळणारी आवृत्ती आता वाइल्डफ्लाय म्हणून ओळखली जाते. सन कंपनीचा ग्लासफिश होता. सन २०१० साली ओरॅकलकडे गेली आणि २०१३ साली ओरॅकलने त्याची पैसे घेऊन करायची देखभाल बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी धंदा त्यावर उभारला होता, त्यांची काय धावपळ झाली असेल ते पाहा. त्यातूनच पुढे पायारा नावाचा निराळा संसार निघाला. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांचे घराणे पुन्हा वेगळे. आमच्यापुढे तो प्रश्न नव्हता.

आणि टॉमकॅट. जेम्स डंकन डेव्हिडसन या गृहस्थांनी तो सनमध्ये असताना लिहिला, आणि १९९९ साली सनने तो अपाची या ना-नफा संस्थेकडे सुपूर्त केला. प्रोग्रामरांच्या ज्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर प्राण्यांची चित्रे असतात, तसे एखादे पुस्तक यावरही निघेल, म्हणून प्राण्याचे नाव ठेवायचे त्यांच्या मनात होते, आणि स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून त्यांनी बोका निवडला. पुस्तक २००३ साली निघाले. मुखपृष्ठावर चित्र आले हिमबिबट्याचे. सन्मानाने घरी बोलावून शेजाऱ्याच्या हातात नारळ द्यावा, तसे.

"मग बोका चांगला की वाघ?" मी विचारले.

भाचा म्हणाला, "तुला काय काम करायचंय त्यावर. टॉमकॅट सगळी नियमावली पाळत नाही, थोडीच पाळतो. दोन निराळ्या डेटाबेसांत एकाच वेळी नोंद व्हायची, त्यातली एक चुकली तर दुसरीही मागे घ्यायची, किंवा निरोपांच्या रांगा सांभाळायच्या, ही कामं मोठे सर्व्हर अंगचीच करतात. टॉमकॅटला त्यासाठी बाहेरून जोड द्यावी लागते. तुमच्या वह्या किती?"

"एक. त्यासाठीच तर हा खटाटोप."

"मग एका वहीतली दोन्ही बाजूंची नोंद डेटाबेस स्वतःच सांभाळतो. तुम्ही वाघ घेऊन त्याला उंदीर मारायला लावणार." मग हसून म्हणाला, "खरं म्हणजे आमच्याकडे हा प्रश्न आता कोणी विचारतच नाही. पुष्कळ नव्या प्रोग्रामांच्या पोटातच टॉमकॅट घालून देतात. सर्व्हर वेगळा बसवायचा ही रीतच मागे पडत चालली."

मोठ्या सर्व्हरांच्या खर्चाची रीत त्याने समजावून दिली ती मात्र प्रत्येक धंदेवाल्याने ऐकावी अशी आहे. परवाना पुष्कळदा प्रोसेसरच्या हिशेबाने असतो. म्हणजे यंत्र मोठे घेतले, की त्यावरच्या सर्व्हरची किंमतही वाढते. शिवाय दर वर्षी देखभालीचा आकार. ओरॅकलच्या दरपत्रकात तो परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के धरलेला असतो. पाच वर्षांत मूळ किमतीएवढी रक्कम पुन्हा गेली. पण शून्याच्या रकान्यातही शून्य नसते. डागडुजी कोणी करायची? फेब्रुवारी २०२०मध्ये टॉमकॅटमध्येच एक छिद्र सापडले. त्यातून बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरच्या फायली वाचता येत. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे नावाच्या नोंदी ठेवणाऱ्या सुट्या भागात असे भोक सापडले की त्याला धोक्याचे दहापैकी दहा गुण मिळाले. तो भाग फुकट्यांत होता तसा महागड्यांतही होता. औषध लगेच निघाले. ते आपल्या यंत्राला कोण पाजणार, हा सवाल.

हा सवाल आम्हा पतपेढीवाल्यांना नवा नाही. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोरांनी मध्येच आपली खोटी मंजुरी देणारी व्यवस्था बसवली आणि ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. ३१ जुलै २०२४ला सी-एज या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे पैसे पाठवण्याचे व्यवहार काही काळ तोडावे लागले. दोन्ही खेपांना घाव बसला तो मधल्या जागीच.

मी समितीला सांगितले, दोघांचीही परीक्षा घेऊ. एका रविवारी मुख्य कचेरीत दोन यंत्रे मांडली. आमच्या पिग्मी एजंट, कारकून आणि समितीच्या बायका मिळून सतराजणी बसल्या आणि एकदम नोंदी करू लागल्या. दोन्ही सर्व्हर डगमगले नाहीत. सतराजणींचे त्यांना काय? टॉमकॅटचा कारखान्यातून येतानाच दोनशे हातांचा हिशेब असतो.

मग मी उठले आणि एकीच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात पैसे जात असताना यंत्राचा प्लग ओढला. कोटवाले गृहस्थ किंचाळलेच. मी म्हटले, "अहो, ही डोंबिवली आहे. इथे वीज जाण्याचं शिक्षण लहानपणीच होतं." दोन्हीकडे वही पाहिली. अर्धवट नोंद कुठेच नव्हती. पुन्हा सुरू व्हायला टॉमकॅटला अर्धा मिनिट पुरला. मोठ्या सर्व्हरला आमचा चहा होईपर्यंत वेळ लागला.

अध्यक्षबाई जरा हिरमुसल्या. पण खरी गंमत पुढेच होती. लेखापरीक्षक आले की ठेवींची मुदतवार यादी पुनःपुन्हा मागतात, म्हणून मी कल्याणच्या कारकूनबाईंना ती यादी सारखी काढायला बसवले. विसावी यादी निघाली आणि तरुणांच्या यंत्रापुढच्या सतराजणींचे पडदे एकदम थिजले. कोणाचे काही हलेना. दोघे तरुण पांढरेफटक पडले.

मी विचारले, "वहीकडे जाणाऱ्या जोडण्या किती ठेवल्यात?"

"वीस, काकू."

"मग तुमची यादी बोलणं संपल्यावर प्लग काढत नाही. वीस दोऱ्या अडकल्या."

त्यांनी तिथेच प्रोग्राम उघडला. एका ठिकाणी घेतलेली जोडणी परत करायची राहून गेली होती. भाचा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की निवृत्तिवेतनाखेरीज मला खात्याकडून मिळालेली ती एकमेव पदवी समजावी. मोठ्या सर्व्हरवर हीच परीक्षा केली. शंभर याद्या झाल्या तरी तो चालत राहिला.

"बघा!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

खरे सांगायचे, तर त्या क्षणी मीही डळमळले. परतताना भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मावशी, तो सर्व्हरचा गुण नव्हे, त्यांच्या प्रोग्रामरनं प्लग काढला होता. अडकलेली दोरी सक्तीनं सोडवायची सोय टॉमकॅटमध्येही आहे, या मुलांनी ती लावली नव्हती. पण त्यांनी यादीची परीक्षा स्वतः आधी का केली नाही, हे त्यांना विचार."

मी विचारले. मोठा म्हणाला, "आम्ही दोनच याद्या काढून पाहिल्या, काकू. चुकलं." सोमवारी संध्याकाळी ते दुरुस्त प्रोग्राम घेऊन आले आणि स्वतःहून पाचशे याद्या काढून दाखवल्या. कोटवाल्यांना मी विचारले होते, की छिद्र सापडलं तर औषध कोण घालणार आणि किती दिवसांत? ते म्हणाले, त्याचा करार निराळा असतो. तक्रार नोंदवा, क्रमांक मिळेल. तरुणांना विचारले, तुम्ही दोघे परदेशी गेलात तर? यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. ते भाच्याने दिले : प्रोग्रामची मूळ प्रत दर तीन महिन्यांनी पतपेढीच्या लॉकरात ठेवायची, असे करारात घाला. टॉमकॅट जाणणारी मुले ठाण्यापासून बदलापूरपर्यंत दर डब्यात उभी असतात.

आणखी एक गोष्ट त्याने बजावली. २०१७ साली ती नियमावली ओरॅकलने एक्लिप्स या संस्थेकडे दिली, पण 'जावा' हे नाव दिले नाही. लेकीने माहेरचे नाव टाकावे तसे नियमावलीचे नाव जकार्ता झाले. नवव्या टॉमकॅटपर्यंत जुनी नावे चालतात, दहाव्यापासून नवी. जुना प्रोग्राम नव्या टॉमकॅटवर बदल केल्यावाचून चालत नाही. तेव्हा तो बदल कोणाच्या खर्चाने, हेही लिहून घ्या. आम्ही घेतले.

समितीची बैठक झाली. अध्यक्षबाईंनी मनातले स्पष्ट बोलून दाखवले. "मोठं नाव घेतलं म्हणजे उद्या काही झालं तरी आपल्याला कोणी बोलणार नाही. फुकटचं घेतलं आणि बिघडलं, तर सर्वसाधारण सभेत आपली शोभा."

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. सभेत काय बोलतात ते मी ऐकले आहे. मी एवढेच विचारले, "त्या बाईंना पाटल्या ठेवाव्या लागल्या, तेव्हा आपल्याला कोण बोललं? कोणीच नाही. त्या नुसत्या खातं बंद करून गेल्या."

पाच विरुद्ध चार मते पडली. अध्यक्षबाईंचे मौन त्या दिवशी सुरू झाले. वाचलेल्या पैशांतून आम्ही एकाऐवजी दोन टॉमकॅट घेतले. पुढे एक द्वारपाल, जो एक पडला तर काम दुसऱ्याकडे वळवतो. यंत्रे महापेच्या एका डेटा सेंटरात भाड्याने. वहीची नक्कल रोज रात्री निराळ्या जागी जाते. १ एप्रिलला चारही शाखांची वही एक झाली. पहिले तीन दिवस छापायचे पासबुक उलटे येत होते. तो दोष सर्व्हरचा नव्हे, आमच्या पश्चिमेच्या कारकूनबाईंचा. ऑगस्टमध्ये एक टॉमकॅट दुपारी पडला. ते आम्हाला संध्याकाळी तरुणांच्या फोनवरून कळले.

आता प्रश्न लक्ष्मीपूजनाचा पडला आहे. दर वर्षी पाटावर वही ठेवतो. यंदा वही महाप्याला, आणि ती कोणी पाहिलेली नाही. सचिवबाई म्हणाल्या, ताळेबंद छापून ठेवू. अध्यक्षबाई (आता बोलतात) म्हणाल्या, भिंतीवरच्या राउटरलाच हळदकुंकू वाहा. शिपाई दारात उभा होता. तो म्हणाला, "बाई, ठाण्याचा पेनड्राइव्ह अजून माझ्या डब्यात आहे. परत कोणी मागितलाच नाही." तोच ठेवायचे ठरले आहे.

पाटल्यांच्या बाईंना मी पूजेचे बोलावणे पाठवले आहे. अजून उत्तर आलेले नाही. उद्या सकाळी कल्याणला जाऊन यावे म्हणते.